आणखी थोडा रस्सा

दोन वर्षांपूर्वी एरलिंडा परक्यांची पोरं सांभाळायला सिंगापूरला निघाली, तेव्हा घरची मंडळी जेवत होती. जाणारीचा प्रवास सुखाचा व्हावा म्हणून रीतीप्रमाणे सगळ्यांनी आपापलं ताट जागच्या जागी फिरवलं. तिच्या चार वर्षांच्या लेकीचा, लिगायाचा हात धरून आजीने तिच्याकडूनही फिरवून घेतलं.

आता एरलिंडा महिन्याच्या सुट्टीवर इलोइलोला घरी आली होती. पहिल्याच दुपारी तिने कोंबडीचा रस्सा केला, भरपूर आलं, कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घालून. लिगायाला मिरची चालते का, हे तिला आईला विचारावं लागलं.

"शाब्बास! तिकडच्या पोरांना काय काय आवडतं ते बरं तोंडपाठ आहे तुला!" म्हातारी फणकारली.

खरंच होतं ते. सकाळपासून पोरगी आजीच्या पाठीमागून तिला पाहुण्या बाईसारखी बघत होती.

पण पहिला घास पोटात गेला आणि लिगाया सरकत सरकत आईला चिकटून बसली. "लोला," तिने आजीला हाक मारली, "आईचा रस्सा तुझ्यापेक्षा भारी आहे!"

"झाली का फितूर कार्टी!" आजी म्हणाली आणि तिघीही हसल्या.

"थांब हं, आणखी आणते," म्हणत एरलिंडा चुलीकडे जायला उठली.



लिगायाचं हसू मावळलं. तिने आपलं ताट जागच्या जागी फिरवलं.