भरती दिसत नाही

दुपारपासून त्रिशला खुर्चीत नीट टेकली नव्हती. कोल्हापुरात समुद्र नाही, पण तिच्या पीएचडीचा विषय मात्र भरती-ओहोटीच: सूर्याच्या उष्णतेनं पार वरच्या हवेला रोज येणारी. रडारला ती दिसते. त्रिशलाच्या कॉम्प्युटरमधल्या मॉडेलला काही केल्या दिसेना. महिनाअखेर ती दिसायलाच हवी होती. खोलीभर येरझाऱ्या घालत ती सरांना फोनवर वैतागून सांगत होती, "भरती नाहीच, सर. डिसेंबरपर्यंत बघितलं. कुठंच नाही."

दारात शेजारची अंबूबाई उभी होती. मान हलवून ती आल्या पावली परत गेली. काय काम होतं कोण जाणे, असं म्हणत त्रिशलानं पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं.

घोळ सापडला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. दिवसरात्रीची सरासरी काढून तिनं मॉडेलला ऊन दिलं होतं. म्हणजे तिथं सूर्य उगवतही नव्हता, मावळतही नव्हता. भरती येणार कुठून? तिनं ऊन दुरुस्त केलं. थोड्या वेळानं सपाट रेघ हलली, वर चढली. भरती आली, हे सांगायला ती धावतच खाली आईकडे गेली.

"मग अंबूबाईला सांग की," आई म्हणाली. "पोलीस भरती निघणार का, तेच विचारायला तिला वर पाठवलं होतं. तिच्या लेकीचं, क्रांतीचं, वयानं हे शेवटचं वर्ष. भरती नसली तर गडहिंग्लजच्या स्थळाला होकार द्यायचा म्हणत होती."

आपली लेक भरतीचा अभ्यास करते, हे आईनंच गल्लीभर कौतुकानं सांगितलं होतं.

त्रिशला अनवाणीच शेजारी गेली. तिथं साखर वाटणं चाललं होतं.

"शब्द दिला आम्ही," अंबूबाई म्हणाली. "तूच म्हणालीस न्हवं, भरती न्हाय म्हणून?"

त्रिशलानं अडखळत सांगितलं, की ती भरती हवेतली. पोलिसांचं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

दिलेला शब्द आता फिरवायचा कसा, एवढंच अंबूबाई पुटपुटत राहिली. क्रांतीनं साखरेची वाटी खाली ठेवली, आईच्या हातातला मोबाईल घेतला आणि गडहिंग्लजचा नंबर लावला.

"पावणं, मी क्रांती बोलतोय. आईच्या ऐकण्यात चूक झाली. भरतीचं अजून काय ठरल्यालं न्हाय. आन् माझंबी."