ऐन वेळची शिट्टी

बंबाच्या भोंग्यानं कान गेले तेव्हाही ज्यांनी कुरकुर केली नव्हती, ते निवृत्त फायरमन आज कानाच्या मशीनवर जाम भडकले होते. "काल थोरलीचं दीक्षान्त संचलन होतं. अग्निशमन दलाच्या गणवेशात लेक समोर आली आणि ऐन वेळी हे शिट्टी मारायला लागलं! चारचौघांत शोभा झाली."

दुकानातल्या बाईंनी नळीतला मळ काढला, सेल बदलून पाहिला, मशीन कानात नीट बसतंय ना तेही तपासलं.

"काका, मशीन ठणठणीत आहे. कानाला काही घट्ट टेकलं की ते शिट्टी मारतं. उशी, मफलर, काहीही. काल काय टेकलं होतं?"

आजवर मुलींना शाबासकी म्हणून पाठीवर फक्त एक थाप देणारे काका छताकडे बघायला लागले.

"पोरीनं मिठी मारली." मग घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे... आधी मीच मारली."

"आवाज जरा कमी करून देऊ? मग नाही वाजणार."

काकांनी मशीन झडप घालून परत घेतलं.

"हात लावू नका त्याला. पुढच्या महिन्यात धाकटीचं संचलन आहे."