खातं उघडण्याची जागा

दाराची कडी तुटली तेव्हा कुंदाताई मेथी निवडत होत्या. आत घुसलेल्या दोघांपैकी उंच माणसाने त्यांच्या नवऱ्याच्या, भार्गवरावांच्या, तोंडावर कोयत्याची मूठ हाणली. दोन दात फरशीवर पडले.

"खातं कुठं उघडतं, काका?"

खातेदाराने आधी नेमून दिलेल्या हातभर जागेत फोन असल्याशिवाय आता त्याचं बँकेचं खातं फोनवर उघडतच नसे. फोनवर गोड बोलून लुबाडणारे संपले, म्हणून बँका खूश होत्या. चोरांना मात्र घरी यावं लागत होतं.

भार्गवराव बोलेनात. मग कोयता कुंदाताईंच्या बोटांवर उतरला. त्यांची किंकाळी ऐकून भार्गवराव ओरडले, "देवघरात! देवघरात उघडतं!" तिथे असलं काही करायला कुणी धजणार नाही, म्हणूनच त्यांनी ती जागा निवडली होती.

उंच माणसाने उंबऱ्याशी चपला काढल्या, देवांना नमस्कार केला आणि भार्गवरावांना केसांना धरून समईपुढे फरफटत नेलं. त्यांचा रक्ताने माखलेला अंगठा त्यांच्याच फोनवर दाबला.

फोन उजळला आणि मंजुळ आवाजात म्हणाला, "नमस्कार. आपण सुरक्षित जागी आहात."