सरकलेली ओळ

एक ओळ डावीकडे सरकली आणि महेशने फोनकडे हात टाकला.

गंगापूर रोडवरच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रमुख उज्ज्वलाताईंनी आजपासून सगळ्यांच्या प्रोग्रामना एकच शिस्त लावली होती. कंस कुठे, मोकळी जागा किती, याचे नियम एका फाइलीत होते. ते चालवले की कुणाचाही कोड आपोआप सारखा मांडला जाई. महेश सकाळपासून थट्टा करत होता. प्रोग्राम चालल्याशी मतलब, ही रांगोळी कशाला, असं त्याचं म्हणणं.

"मग तुझ्याच दारापासून सुरुवात करू," ताई म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा प्रेसचा प्रोग्राम उघडला.

सातपूरच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर तो दुपारीच बसवला होता. प्रेसखाली हात आला की लाल दिवा लागावा आणि प्रेस अडून राहावी, एवढंच त्याचं काम. 'हात नसेल तरच' या अटीखाली महेशने दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या होत्या. दिवा विझव. प्रेस सोड. दोन्ही ओळींना एकत्र बांधणारा कंस घालायचा मात्र राहिला होता. दिसायला दोन्ही ओळी अटीच्या आत होत्या. नियम चालले आणि दुसरी ओळ डावीकडे सरकून अटीबाहेर येऊन उभी राहिली. यंत्र तिला पहिल्यापासून बाहेरचीच समजत होतं. हात असो की नसो, प्रेस सुटणार होती.

ऑफिसात प्रेस कुठली असणार? चाचणी नुसत्या दिव्यावर झाली होती, आणि दिवा चोख वागला होता.

त्या प्रेसवर दुसऱ्या पाळीला महेशचे वडील होते, पुंजाराम आण्णा.

महेशने कारखान्यात फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्या दणदणाटात ती कुणाला ऐकू जाणार? पण आण्णा सावध माणूस. उभा जन्म प्रेसवर गेला, चिमट्यानेच पत्रा सरकवत आले. प्रेसखाली त्यांनी कधी बोटसुद्धा घातलं नव्हतं. त्या एका विचाराला तो घट्ट धरून राहिला.

अखेर फोरमनने फोन उचलला. महेशचा आवाज ओळखला आणि पुढचं ऐकून न घेताच पुंजारामांना हाक मारली. आण्णा धापा टाकत आले. आवाजात हसू मावत नव्हतं.

"बोल लवकर. सगळी पाळी गोळा केलीये. माझ्या पोराचं काम हाय, हात घालूनच दाखवतो म्हटलं."