खिळ्यावरचा बिल्ला

खिळा रिकामाच होता. कॉलर लावणारीने तिसऱ्यांदा मान वळवून पाहिलं. बिल्ला नाही, म्हणजे कुणीतरी संडासला गेलेली, म्हणजे बाकीच्या साठजणींनी बसल्या जागी कळ काढायची. शिलाई विभागाचा नियमच तसा. पितळी बिल्ला एकच, आणि तो हातात असेल तरच दाराबाहेर पाऊल टाकायचं.

तिला सातवा महिना होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्यायचं, लघवी तुंबवायची नाही. एकदा संसर्ग झालाय, पुन्हा झाला तर बाळाच्या जिवावर बेतेल. सांगायला काय जातं! पाणी प्यावं तर बिल्ला नाही, न प्यावं तर बाळाला अपाय. सकाळपासून तिने दोन घोट घेतले होते, तेही चोरून.

शेजारच्या मशीनवर काजमावशी. शर्टांची काजं करण्यात हयात गेली, म्हणून काजमावशी. त्या बिल्ल्याचा तिला कोण अभिमान! दर शनिवारी घासूनपुसून लख्ख करायची.

"दम धर गं पोरी," ती म्हणाली. "येईलच आता. आमच्या वेळी तर हेही नव्हतं."

बिल्ला आला. कॉलरवाली पोट सावरत उठली. पण ती खिळ्यापाशी पोचायच्या आत सुपरवायझरने तो उचलून खिशात टाकला.

"आता जेवणाच्या सुट्टीत. दुपारी माल निघायचाय."

"साहेब, खरंच थांबवत नाहीये हो..."

"सगळ्यांचं तेच असतं. बस."

ती बसली. न बसून सांगते कुणाला? बाळंतपणाच्या रजेवर सही याच माणसाची लागणार होती. दात आवळून तिने एक कॉलर लावली, दुसरी लावली. आठव्या कॉलरला तिचा पाय पॅडलवरून घसरला आणि स्टुलाखालची फरशी ओली झाली.

सात महिन्यांच्या गरोदर बाईने वाकून चिंध्यांनी फरशी पुसायची, आणि साठजणींनी खाली माना घालून शिवत राहायचं! ज्याला लाज वाटायला हवी होती तो बूट वाजवत आला, शर्टांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "कापडाला लागलं नाही ना?"

काजमावशीचं मशीन थांबलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उठून तिने पोरीच्या हातातली चिंधी काढून घेतली, तिला दंडाला धरून उभं केलं आणि दाराकडे निघाली. तीस वर्षांत पहिल्यांदाच, बिल्ल्याशिवाय.

"मावशी, बिल्ला!" सुपरवायझर दारात आडवा झाला. "अहो, तुम्हीच ना तो भांडून आणलेला? तीन दिवस मशीनं बंद पाडून? नव्या पोरींना तुम्हीच कौतुकाने सांगता की! आणि आता तुम्हीच नियम मोडणार?"

खोटं नव्हतं ते. त्या काळी सुट्टीखेरीज जागेवरून उठायचीच बंदी होती. बायका तीन दिवस हात बांधून बसल्या, दोघींची नोकरी गेली. चौथ्या दिवशी मालकाने हा बिल्ला काजमावशीच्या हातावर ठेवला. ती घरी गेली ती जिंकल्याच्या आनंदात.

मागे एकेक मशीन बंद होत होतं.

"भांडले रे," मावशी म्हणाली. "जायला मिळावं म्हणून भांडले, आणि विचारून जायची सोय घेऊन आले. अक्कल कुठे गहाण ठेवली होती, देव जाणे."

हॉलमध्ये आता एकही मशीन चालू नव्हतं. सुपरवायझरने मागे पाहिलं, कपाळ पुसलं आणि घाईघाईने खिशातून बिल्ला काढून पुढे केला. "बरं, घ्या. न्या तिला. पण रीतसर न्या."

मावशीने बिल्ल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला पुढे घालून ती त्याच्या बाजूने दाराबाहेर पडली.

"राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "तुला लागली की मला दाखवून जा."