सगळं नॉर्मल

"काका, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत," अकोल्याच्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

देवरावांचा चेहरा पडला. "पुन्हा एकडाव पाहा ना, मॅडम. काही तरी निंगालं असन!"

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, पंचफुलाबाईंना राहवेना. "आपल्या पोरीची, पिंकीची डिलिव्हरी नॉर्मल झाली, तवा तुमी गावभर पेढे वाटले. आपल्या नागसेनसाठी पाह्यलेली पोरगी नॉर्मल दिसते म्हणून नकार देऊन टाकला. आता सोताचा रिपोर्ट नॉर्मल आला, तं तोंड काहून पाडून राह्यले?"

"अवं, मीच काल सगळ्याईले फोन केला, का माह्यं आता काही खरं नाही. मूर्तिजापूरचे सोयरे सफरचंदं घेऊन, जीप करून अखेरचं भेटाले निंगाले. त्याईच्यासमोर असा धडधाकट कसा बसू?"