ढिली वायर

गेटाचा खांब आडवा झाला होता आणि पिकअपचं नाक त्यात रुतलं होतं. सासरे अंगणात उभे राहून, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, की या बाईच्या हातात गाडी दिली कुणी. दिली त्यांनीच होती. सुनेने ते ओठांवर आलेलं गिळलं आणि जे घडलं ते पुन्हा एकदा सांगितलं. आई गेटात झाडत होत्या. ब्रेक दाबला, तर पेडल लोण्यात पाय जावा तसं थेट तळाला गेलं. म्हणून गाडी खांबावर घातली. नाहीतर खांबाच्या जागी आई होत्या.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. हातातला झाडू त्यांनी अजून सोडला नव्हता.

"माझ्या गाडीचे ब्रेक उत्तम आहेत," सासरे म्हणाले. "खोट तुझ्या पायात आहे. आजपासून किल्ली माझ्याकडे. तू दुकानात बस आणि आरसे पुस."

सुनेच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली. घरोघरी, हॉटेलोहॉटेली आरसे पोचवायचं काम तिने एकटीने उभं केलं होतं. किल्ली गेली की ते काम गेलं. "गॅरेजच्या मिस्त्रींना बोलवा," ती म्हणाली. "ते सांगतील ते मला कबूल."

गाडी मागे ढकलून अंगणात घेतली. ती इतकी जुनी होती की तिचा मूळ रंग कोणता यावरून घरात दोन तट पडले होते. मिस्त्री आले. ते सासऱ्यांचे जुने दोस्त, आणि गाडीचेही. बॉनेट उघडून त्यांनी ब्रेकचं तेल पाहिलं, पुरेपूर भरलेलं. चारही चाकांच्या आत हात घालून पाहिलं, कुठे ओल नाही. मग सीटवर बसून पेडल दाबलं आणि निकाल दिला, की दगडासारखं टणक आहे. सासऱ्यांनी सुनेकडे असं पाहिलं की त्या नजरेने दुसरा खांबही पडला असता.

पण सून गाडीकडे पाहतच नव्हती. मागच्या भिंतीला हॉटेलात पोचवायचे मोठे आरसे ओळीने टेकवून ठेवले होते आणि प्रत्येक आरशात पिकअपची पाठ दिसत होती. मागचा एक दिवा केव्हाच फुटला होता, दुसरा शाबूत होता. मिस्त्रींनी पेडल दाबलं तेव्हा तो लागला, विझला आणि पुन्हा लागला. साऱ्या आरशांत एकदम.

"तुम्ही दोनदा दाबलंत," ती म्हणाली.

मिस्त्रींनी शपथ घेतली की एकदाच. पुन्हा दाबून दाखवलं. दिवा पुन्हा दोनदा लागला.

त्या गाडीने आपल्या माणसांच्या पायांना तसं वळणच लावलं होतं. पहिला दाब वाया जायचा, दुसऱ्याला ब्रेक लागायचा. पाय हे कधीच शिकला होता, डोक्याला पत्ता नव्हता. सासरे झोपेतसुद्धा लाथ मारत तर लागोपाठ दोन, आणि सासूबाईंनी पलंग वेगळा केला तो त्यामुळेच, असं घरात बोललं जाई.

सुनेने सरळ सांगून टाकलं. तेल गळत नाही, पहिल्या दाबाला काही नाही आणि दुसऱ्याला पेडल वर येतं, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या लायनीत हवा शिरली आहे. सकाळी आई समोर होत्या, दुसऱ्या दाबाला वेळच नव्हता. मिस्त्री कान खाजवत म्हणाले, की असेलही, मालकांची हरकत नसेल तर.

मालकांची हरकत होती. त्यांनी मिस्त्रींना बकोटीला धरून खाली उतरवलं, स्वतः वर चढले, मागचं दाखवणारा आरसा नीट वळवून घेतला. "हे बघ. एकदाच दाबतो."

दिवा लागला, विझला, लागला.

सासऱ्यांनीही ते आरशात पाहिलं होतं. त्यांच्या मानेवर लाली चढली. "दिव्याची वायर ढिली आहे," ते म्हणाले. "वायर बदला, मिस्त्री. ब्रेकला हात लावायचा नाही. आणि किल्ली मी देणार नाही म्हणजे नाही."

सून तोंड उघडणार तोच सासूबाई पायरीवरून उठल्या. झाडू भिंतीला टेकवला. पदर खोचून त्या गेटात गेल्या आणि सकाळी होत्या नेमक्या तिथे, पडलेल्या खांबाशेजारी, गाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "सकाळी ती ज्या वेगाने आली, त्याच वेगाने या. माझ्याजवळ आलात की दाबा. एकदाच."

"बाजूला हो."

"ब्रेक उत्तम आहेत ना?"

सासऱ्यांनी रागाने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. गिअर पडल्याचा आवाज आला. सुनेने सासूबाईंकडे धाव घेतली, तर त्यांनी तिच्याकडे न बघता नुसता तळहात दाखवून तिला थांबवलं.

गाडी जागची हलली नाही. मागच्या आरशांत मात्र लाल दिवा लागत होता, विझत होता, लागत होता, पुन्हा विझत होता.

"वायर फारच ढिली दिसते," सासूबाई म्हणाल्या.

इंजिन बंद झालं. बऱ्याच वेळाने खिडकीतून एक हात बाहेर आला, त्यात किल्ली. तोंड दुसरीकडे होतं. सून खिडकीशी गेली, पण तिने हात पुढे केला नाही.

"आधी मिस्त्रींना द्या," ती म्हणाली.

मिस्त्रींनी किल्ली घेतली आणि ते पान्हे आणायला गेले. सासूबाई गेटातून हलल्या नव्हत्या. सासरे अजून सीटवरच बसून होते. गाडी बंद होती, किल्ली काढलेली होती, आणि तरी भिंतीशी ओळीने उभ्या त्या सगळ्या आरशांत लाल दिवा लागलेलाच होता.